सवयीची चिप

काशीदादा,

आमच्या घरी पाणी पांढरं असायचं, हे मी तुला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तू विचारलं होतंस, "दूध पीत होता का काय तुमी?" मी हसले नव्हते. मग तूही हसायचा थांबलास.

तुर्भ्याच्या डोंगराला खदानी लागल्या आणि दुष्काळात मराठवाड्यातून निघालेली आमच्यासारखी घरं तिथे येऊन पडली. बाबा सुरुंगाची भोकं पाडायचे, आई खडी फोडायची. पत्र्याच्या घरावर दिवसभर दगडाची भुकटी पडायची. भांड्यांवर, केसांत, भाकरीवर. बंद पडलेल्या एका खदानीत पाणी साचायचं, तेच आमचं पिण्याचं. आई त्यात तुरटी फिरवायची, भुकटी खाली बसली की वरचं पाणी फडक्यातून गाळायची. तरी तांब्याच्या बुडाशी पांढरा थर उरायचाच. बाबांच्या छातीत तीच भुकटी जाऊन बसली. खोकत खोकत ते गेले तेव्हा मी सातवीत होते.

आमच्याकडे पाणी आणणं हे पोरींचं काम. आईबाप खदानीवर, पोरगी पाण्यावर, त्यामुळे पोरीची शाळा चौथीपर्यंत. माझी आई मात्र उजाडायच्या आत स्वतः खदानीत उतरायची. उतार निसरडा, डोक्यावर हंडा, कमरेला कळशी. शेजारणी नावं ठेवायच्या. त्यांना ती सांगायची, "माझ्या पोरीच्या पाठीवर दप्तराचं वज्जं हाय. त्याच्यावर हंडा बसायचा न्हाई."

मी बी.एस्सी. झाले. फिजिक्स, सेकंड क्लास. घरातली पहिली आणि वस्तीतलीही पहिली. हे मी कुणी न विचारताही सांगते. तू त्यावरून मला इतकी वर्षं चिडवलंस तरी सांगते.

तुझं बारावं होऊन गेलं. मी रोज महाप्याला वर्कशॉपात येते. सोल्डरिंग आयर्न तापत ठेवते, तो तापतो. चहा येतो, तो पिते. तुझ्या खुर्चीवर कुणी बसत नाही, असंही नाही. काल कुरिअरवाला बसला होता. मला काही वाटलं नाही. मला वाटायला हवं होतं, एवढंच कळलं. सुगंधावहिनी माझ्या गळ्यात पडून रडली तेव्हा मी तिच्या पाठीवरून हात फिरवत होते आणि तुमच्या पडवीतल्या मीटरची चकती फिरताना बघत होते. म्हणून हे लिहितेय. रडता येत नाही, तर निदान भांडण पुरं करावं.

माझा पहिला दिवस तुला आठवत होता, तू तो सगळ्यांना नक्कल करून दाखवायचास. मी नवी साडी नेसून आले होते. तू वाकून एका पेटीच्या वायरी सोडवत होतास. मान वर न करता विचारलंस, "तू काय शिकलंस ग बाय?"

"ग्रॅज्युएट आहे."

"आरं वा. मंग आता चा कोन करनार?"

मी तशीच उभी राहिले. चहा करायला मी आलेले नाही, हे सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात तू उठलास आणि स्वतःच स्टोव्ह पेटवलास. "बस. ग्रॅज्युएट मानसाला चा द्याला पायजे. आमच्या गावान अजून पिकला नाय त्यो." अर्धंच सांगितलंस. तू स्वतः इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेला होतास, तुमच्या खाडीकाठच्या गावातला पहिला. मिठागरावर वाढलेला, जमीन नव्या शहरात गेलेली. हे मला खूप नंतर कळलं, आणि तेही वहिनीकडून. तू कधी सांगितलं नाहीस. आपल्या दोघांत एवढाच फरक होता.

आपलं काम पंपघरांच्या पेट्यांचं. या नव्या शहरातल्या वसाहतींना पाणी चढवणारी पंपघरं खाडीपासून डोंगराच्या पायथ्यापर्यंत पसरलेली. प्रत्येकात आपली एक लोखंडी पेटी आणि पेटीत नखाएवढ्या अकलेचा संगणक. पंप कधी सुरू करायचा, टाकी किती भरली की थांबवायचा, कुठल्या बाजूचा व्हॉल्व्ह कधी उघडायचा, हे ती पेटी ठरवायची. मी आले तेव्हा हे सगळं एकाच चिपमध्ये भरलेलं असायचं. चिपच्या पाठीवर काचेची बारीक खिडकी. ती जांभळ्या दिव्याखाली धरली की आतलं सगळं पुसलं जायचं, मग नवं भरायचं. एरवी त्या खिडकीवर चिकटपट्टी, आणि पट्टीवर पंपघराचं नाव.

एका गावाची वेळ बदलायची तर सगळी चिप पुसून पुन्हा भरायची. असं करता करता कुठल्याही दोन पंपघरांच्या चिपा सारख्या उरल्या नाहीत. एकीतली चूक सुधारावी तर ती दुसरीत तशीच. कुठल्या पेटीत काय आहे हे विचारलं की मालक तुझ्याकडे बघायचे, आणि तू छताकडे.

एक दिवस डबा खाताना तू म्हणालास, "ए ग्रॅज्युएट, अक्कल येगली काढ आन् सवय येगली काढ."

"म्हणजे?"

"पंप कसा चालवाचा ही अक्कल. ती सगल्यांची एकच पायजे. कवा चालवाचा, किती चालवाचा, ही सवय. ती ज्या त्या गावाची. आता दोनी एका टोपान शिजतान, म्हनून खिचडी होते."

मी सुकटीची चटणी बोटाला तशीच ठेवून तुझ्याकडे बघत राहिले होते. त्यानंतर प्रत्येक पेटीत दोन चिपा झाल्या. अक्कल सगळीकडे एकच. सवय प्रत्येक पंपघराची वेगळी, पण आपल्या हिशेबातली. अकलेचा सगळा प्रोग्रॅम मी लिहिला. ते माझं काम होतं आणि मी ते चांगलं केलं.

आणखी दोन रीती तू घातल्यास. एक म्हणजे, जुनी चिप पुसायची नाही. नवी बिघडली तर परत जायला वाट पाहिजे. मालक चिपांच्या किमतीवरून कुरकुरले, तू ऐकलं नाहीस. दुसरी रीत जोडीची. जी सवय पंपघरात जाईल, तिची जुळी बहीण वर्कशॉपातल्या फळीवर राहील, चंदेरी कागद लावलेल्या थर्मोकोलात टोचून. बाहेर काय चाललंय हे बघायला बाहेर जावं लागू नये. फळी बघितली की सगळी पंपघरं दिसली पाहिजेत.

मात्र आवृत्त्यांना नावं माशांची द्यायची, हे तुझं खूळ मला शेवटपर्यंत पटलं नाही. पट्टीवर लिहायचास: बोंबील. पुढची: मांदेली. मी म्हणायचे, आकडे घाल. मांदेली आधीची की नंतरची, हे परक्या माणसाला कसं कळणार?

"परका मानूस पेटी उघरेलच कनाला?"

"आपण दोघं नसलो तर?"

"तं त्यानं बाजारान जाऊन इचारावं."

शेवटी आकडाही आणि मासाही, दोन्ही लिहायचं ठरलं. तुझ्या पेनाने मासा, माझ्या पेनाने आकडा. मी एकदा विचारलं, "जिताडा कधी येणार? सगळ्यात चांगला मासा तोच म्हणतोस ना?"

तू गंभीर झालास. "जिताडा पावन्यासाठी ठेवाचा असतो. ज्या दिशी सगल्या पेट्या एकसारख्या होतील, एक पन लपवाछपवी नाय, त्या दिशी जिताडा."

आणि लपवाछपवी तूच केलीस.

तोवर आमच्या खदानवस्तीला नळ आला होता. वस्तीच्या डोक्यावर टाकी, ती भरायला पायथ्याशी एक पंपघर, त्याला पाणी देणारं खाली रस्त्यालगतचं दुसरं. दोन्हींत आपल्याच पेट्या. पाणी यायचं सकाळी दहाला. दहाला बायका खदानीवर आणि घरात पोरी. पांढरं पाणी गेलं, पण पोरींची शाळा तशीच बुडत राहिली. मी तेव्हा वाशीला दोन नोकरदार मुलींबरोबर खोली घेऊन राहत होते. आई यायला तयार नव्हती. "हितं मान्सं हायती," म्हणायची.

मी पाणीखात्याला अर्ज केला. वेळ सकाळी लवकरची करावी म्हणून, मुद्देसूद, खाली सही आणि सहीपुढे बी.एस्सी. काही महिने काहीच झालं नाही. मग एका रविवारी गेले तर आई उंबऱ्यात बसून चहा पीत होती. भरलेले हंडे ओळीने मांडलेले. "साडेपाचलाच आलं ग पानी आज. चार दिस झालं, तसंच येतंया. तुझ्या कागदाचं काम झालं म्हन की."

सोमवारी मी वर्कशॉपात आले ती फुगूनच. तुला म्हटलं, "बघितलंस? नीट लिहिलं की काम होतं. ओरडावं लागत नाही, ओळख लागत नाही."

तू भाकरीचा तुकडा मोडत होतास. "व्हय बाय," म्हणालास. "ग्रॅज्युएटचा अर्ज. नाय म्हनाची हिंमत हाय का कुनाची?"

चेहऱ्यावरची एक रेघ हलली नाही. ते तोंड मला आज आठवतं, तितकं तुझं हॉस्पिटलातलं तोंड आठवत नाही.

नवी अक्कल तयार झाली तेव्हा सवयीची मांडणीही बदलावी लागली. फळीवरच्या जोड्या काढून मी एकेकीवरून नवी सवय तयार केली, आत काय आहे त्याला हात न लावता. खालच्या पंपघरांपासून वर चढत जायचं ठरलं होतं. तू रजेवर होतास, तुझ्या धाकट्या भावाचं लग्न होतं. आपला फिटर एका दिवसात रस्त्यालगतच्या पंपघरापर्यंत पोचला. पायथ्याचं दुसऱ्या दिवसावर ठेवलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला पायथ्याचा पंप सुरू झाला. खालून पाणी दहाला यायचं होतं. पंप कोरडा फिरत राहिला, सील जळालं, मोटारीतून धूर निघाला. वस्तीला त्या दिवशी पाणी नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. आई पुन्हा खदानीत उतरली. मी पोचले तेव्हा ती हंडा घेऊन वर येत होती आणि मधल्या दगडावर टेकली होती. इतक्या वर्षांत ती मधे टेकलेली मी पाहिली नव्हती.

"काय झालं ग तुझ्या कागदाला?" एवढंच तिने विचारलं.

मी तशीच पाणीखात्यात गेले. उपअभियंता साहेबांच्या टेबलासमोर उभी राहून म्हणाले, "मंजूर झालेली वेळ कुणी फिरवली?"

साहेब शांत माणूस. फाइल काढली, चाळली. "तुमचा अर्ज आहे. विचाराधीन आहे. त्या टाकीची वेळ पहिल्यापासून दहाचीच आहे, बाई."

"मग इतके महिने सकाळी पाणी आलं ते?"

"ते तुम्ही सांगा. पेट्या तुमच्या."

तिथून पायथ्याच्या पंपघरापर्यंत मी कशी गेले हे आठवत नाही. पेटी उघडली. सवयीच्या चिपवर तुझं अक्षर. मासा नाही, आकडा नाही. नुसतं 'तात्पुरती'.

आणि फळीवर तिची जोडी नव्हती; तिथे जुनी, दहाची सवयच टोचलेली होती.

तुमच्या गावात हळद होती. गल्लीभर मांडव, बँजो, बायका नाचतायत, आणि तू मधे, कपाळापासून कोपरापर्यंत पिवळा. मला बघून हात वर केलास. "आली रे आली, आमची ग्रॅज्युएट आली! हिना आधी जेवाला वारा!"

"काशीदादा, वस्तीच्या पंपघरातली सवय तू बदललीस?"

"आधी जेव."

"बदललीस का?"

"जेव ग बाय, मटन सरल."

मी तिथे सगळ्यांदेखत ओरडले. बँजोवाल्यांनी एक सूर खाली घेतला, त्यांनाही ऐकायचं होतं. तू मला मांडवाच्या मागे नेलंस, जिथे रचलेली पातेली होती.

"तुना सांगितला असता तं तू काय म्हनाली असतीस?"

"नको म्हणाले असते. माझ्या आईसाठी चोरून दिलेलं पाणी नको."

"तुझे आईसाठी कोन करतंय? मी दहा वाजता तिथं पंप बघाला गेलतो. नलावर सगल्या पोरी. पाटी-दप्तर वाल्या पोरी. कुनाच्या आईसाठी, कुनाच्या बापासाठी, मना काय ठाव? घरी येऊन दोन चिपा भरल्या आन् बसवल्या."

"मग जोडी का लावली नाहीस?"

"लावली असती तं तुना दिसली असती."

"दिसायलाच असते जोडी!"

हळद सुकून तुझ्या चेहऱ्याला भेगा पडल्या होत्या. मी म्हणाले, "रीत तुझी. जोडीशिवाय चिप बाहेर जायची नाही, ही रीत तुझी. तू चांगल्यासाठी मोडलीस, आणि आज आई खदानीत उतरली."

"आन् तुझा अर्ज?" तू हळूच म्हणालास. "त्यो तं रीतीनं गेला. त्याच्यानं आला का पानी?"

आपलं भांडण तिथेच सुरू झालं आणि तिथेच राहिलं. वाट बघणारी रीत, की वाट न बघणारा माणूस? मला अजून वाटतं मी बरोबर होते. मला हेही वाटतं की तू चुकला नव्हतास. दोन्ही एकदम कसं, ते मला कळत नाही.

तू गमछ्याने तोंड पुसलंस, तसाच पिवळा माझ्याबरोबर निघालास. कुणाकडून तरी जुनं सील मिळवलंस, पंप उघडलास. फिटर विचारत होता, नवरदेव तुम्हीच काय? संध्याकाळी पाणी चढलं.

त्याच आठवड्यात आपण नियम बसवले. मी अकलेत एक भर घातली: अक्कल आणि सवय एकमेकींना ओळखतील तरच पेटी सुरू होईल, आणि खालच्या-वरच्या पेट्या आधी टेलिफोनच्या तारेवरून एकमेकींना वेळ विचारतील. जुळली नाही तर पंप गप्प आणि दिवा लाल.

"सासूसुनेसारखा," तू म्हणालास.

"सासूसुना विचारतात कुठे?"

"मंग आपल्या पेट्या चांगल्या."

आणि वेगळं काही करायचंच असेल तर ते उघड करायचं. चिपवर लाल पट्टी, फळीवरच्या जोडीवरही लाल पट्टी. त्यावर नाव आणि कारण. मी रागातच होते, म्हणून पुढचा नियम मीच सांगितला: ज्याच्या नावावर लाल पट्टी, तो गेला की पट्टी गेली. एक तर ती सवय कायमची मंजूर करून घ्यायची, नाही तर काढायची. "उद्या तू दुसरीकडे नोकरीला गेलास तर लोकांना उत्तर कोण देणार?"

"मी कुठं जातंय?" तू म्हणालास.

खदानवस्तीची लाल पट्टी तुझ्या नावावर लागली. कारणाच्या जागी तू लिहिलंस, 'पोरींची शाळा'. मालकांनी बघून न बघितल्यासारखं केलं. साहेबांना तू भेटून आलास, ते म्हणाले, कागदावर काही नाही, पण पुन्हा पंप जळाला नाही म्हणजे झालं.

मग दर सोमवारी तुझं सुरू झालं. "जा ना बाय सायबाकडं. सही घेऊन ये. लाल पट्टी कारू."

"मी एकदा मागितलंय."

"परत माग."

"आईने शिकवलंय, एकदा मागायचं. दुसऱ्यांदा हात पसरायचा नाही."

"हात पसरनं नाय ग. आमची जमीन गेली तवा आमच्या बापांना पन असाच वाटला. आपन खानदानी, दुसऱ्यांदा कशाला जावाचा त्या हापिसान? जे गेले तिसऱ्यांदा, चौथ्यांदा, त्यांना मिलाला. आमी मान संभालत बसलो."

"मग तूच जा."

"वस्ती तुझी. मी गेलो तं ती मेहेरबानी. तू गेलीस तं तो हक."

हे तू शंभरदा म्हणाला असशील. मी ऐकून घ्यायचे आणि जांभळ्या दिव्याचं झाकण लावायचे.

कावीळ झाली तेव्हा तुझ्या घरच्यांनी आधी झाडपाला केला, उतरवून घेतली. मी डॉक्टरकडे चल म्हणून भांडले, तू म्हणालास, हलद लागली पुन्हा, दुसरा काय? वाशीच्या हॉस्पिटलात तुझे डोळे त्या मांडवातल्यासारखे पिवळे होते. वहिनी बाहेर औषधं आणायला गेली होती. तू मला जवळ बोलावलंस. मला वाटलं, काही तरी सांगशील. मुलांचं, घराचं.

"लाल पट्टी निघाली का?"

"आधी बरा हो."

"म्हंजे नाय निघाली," म्हणालास, आणि डोळे मिटलेस. हसत होतास की दुखत होतं, सांगता येत नाही.

दहाव्याला मी खाडीवर आले होते. आम्ही बुद्ध मानणारी माणसं, कावळ्यावर माझा विश्वास नाही. तरी सगळ्यांबरोबर उभी होते. पिंड ठेवला आणि कावळा लगेच शिवला. लोक सुटकेने म्हणाले, चला, इच्छा काही राहिली नव्हती. मी मनात म्हटलं, कावळ्याला काय माहीत?

नंतर मालकांनी मला बोलावलं. अवघडून म्हणाले, "काशिनाथच्या नावावर लाल पट्टी आहे. मी काही म्हणत नाही. पण नियम तुमचाच आहे." मी फळीपुढे जाऊन उभी राहिले. सगळ्या जोड्या पांढऱ्या पट्टीच्या, दोनच लाल. ती सवय काढायची म्हणजे पाणी पुन्हा दहाला. पोरी पुन्हा नळावर. नियमाने मला तेच करायला हवं होतं, नाही तर दुसरं, जे तू सांगत होतास ते.

मी पाणीखात्यात गेले. साहेब म्हणाले, वरून बदल झालाय वेळापत्रकात, बघतो, पुढच्या आठवड्यात या. पुढच्या आठवड्यात गेले. ते मीटिंगला होते. त्याच्या पुढच्या आठवड्यात पुन्हा गेले. माझे कान गरम व्हायचे, तेवढी एकच गोष्ट तुझ्या जाण्यानंतर मला जाणवत होती. त्या दिवशी साहेब होते.

"कंपनीतर्फे आलात?"

"नाही. मी खदानवस्तीची आहे. माझी आई तिथे खडी फोडते. वस्तीच्या वतीने आलेय."

त्यांनी चष्मा काढला. "बाई, सकाळचा दाब वाटून दिलेला असतो. तुम्हाला दिलं तर खालच्या सेक्टरांचं कमी होणार. सोसायट्या आमच्या दारात येतील."

"आल्या का?"

"म्हणजे?"

"साहेब, इतके महिने वस्तीला पाणी साडेपाचलाच येतंय. तुम्हाला ठाऊक आहे, काशिनाथ तुम्हाला सांगून गेला होता. एवढ्या महिन्यांत एका तरी सोसायटीची तक्रार आलीये? फाइल बघा."

त्यांनी खरंच बघितली. पानं उलटत गेले. एकही तक्रार निघाली नाही. मी उभी होते आणि मला वाटलं, तू भाकरी मोडत बसलायस, आणि तुझ्या चेहऱ्यावरची एक रेघ हलत नाहीये. तुझ्या चोरीने जे सिद्ध केलं, ते माझा अर्ज कधी करू शकला नसता. आणि माझ्या अर्जाशिवाय तुझी चोरी चोरीच राहिली असती.

साहेब म्हणाले, "गेले ना ते? भला माणूस होता." आणि माझ्या जुन्या अर्जावरच शेरा मारून सही केली.

दोन्ही चिपा मी स्वतः भरल्या, आणि त्यांच्या दोन जोड्या. तुझ्या 'तात्पुरती' लिहिलेल्या चिपा पुसल्या नाहीत; जुनी चिप पुसायची नाही, ही रीत तुझी. फळीच्या खालच्या ओळीत टोचून ठेवल्यात. नव्या पट्टीवर माझ्या पेनाने आकडा घातला. मासा लिहायला तुझं पेन शोधलं, ते सुकलं होतं. मग माझ्याच पेनाने लिहिलं, या दोन्हींवर आणि मग फिरून बाकीच्या सगळ्या पंपघरांतल्या पट्ट्यांवर.

वहिनीला सांगितलं तर म्हणाली, "आता तरी जेवाला ये. त्या दिशी तशीच गेलीस."

आज सकाळी मी वस्तीत होते. आईने हंडा भरून ओट्यावर ठेवला आणि पोरींना हाका मारल्या, शाळेची वेळ झाली म्हणून.

खालपासून वरपर्यंत सगळ्या पंपघरांत आता एकच आवृत्ती आहे, जिताडा. फळीवर प्रत्येक सवयीची जोडी आहे. लाल पट्टी एकही नाही. खदानवस्तीला साडेपाचला पाणी येतं, आणि ते मंजूर आहे.